दांडा टेकवू नका

खात्या डाया टेंभुर्णीपाड्यात राहतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण तो दिसायचा नाही. डाया म्हणजे आमच्यात जाणता म्हातारा. हा डाया इतका हळू चालायचा की तो घरात आहे की नाही, हे त्याच्या बायकोला, कालीबाईला, भाकरी कमी झाल्यावर कळायचं. एकदा तिने शेजारणीपाशी बसून त्याची पोटभर निंदा केली. तो तिथेच चुलीजवळ बसला होता आणि पटेल तिथे मान डोलवत होता.

धंदा त्याचा एकच. गेलेली वस्तू परत आणायची. कुणाची कुऱ्हाड जप्त झाली, कुणाचा बैल कोंडवाड्यात गेला, अक्कलकुव्याच्या बाजारात कुणी कुणाची घोंगडी ओढून घेतली, की माणूस खात्याकडे यायचा. खात्या ती वस्तू आणून द्यायचा. दुसऱ्याच्या काडीला हात लावायचा नाही. एका पोराने विचारलं, “बैल आणायला जातोच आहोत, तर एखादी शेळीपण आणली तर?” खात्याने त्याला त्या दिवसापासून शिकवणं बंद केलं आणि शेळी म्हणून हाक मारणं सुरू केलं.

आणि काम करायचं ते भर दुपारी. “रात्री लोक चोराच्या भीतीने जागे असतात,” तो म्हणायचा. “दुपारी जेवून आडवा झालेला सरकारी माणूस बघितलाय? त्याच्या छातीवरून बैल नेला तरी तो कूस बदलून वाट देतो.”

त्याच्या हाताखाली तिघे टिकले. जामसिंग अंगाने रेडा होता आणि विचारही त्याच वेगाने करायचा. नवलसिंग बोलायचाच नाही, त्यामुळे तो हुशार आहे असा समज होता. तिसरा चैत्या. हा झोपेतसुद्धा बडबडायचा. त्याला कशाला घेतलं, असं लोकांनी विचारलं तेव्हा खात्या म्हणाला, “याला जर मी गप्प करू शकलो, तर मग मला जगात काही अवघड नाही.” चार वर्षं झाली तरी जगात एक गोष्ट अवघड होती.

शिकवणं असं असायचं: फाल्गुनात सागाची पानं पडली की जमिनीवर पापडांचा थर बसतो. खात्या पाठ करून बसायचा आणि तिघांनी त्या पानांवरून त्याच्यापर्यंत यायचं. आवाज आला की तो मागे न बघता दगड मारायचा. नेम चुकायचा नाही. चैत्याची तक्रार होती की आपण एकदा नुसते उभे होतो तरी दगड लागला. “तू विचार करत होतास,” खात्या म्हणाला. “मोठ्याने.”

आता होळीचं सांगतो, कारण म्हातारा तिच्यापायी गेला.

काठी संस्थानची होळी राजवाडी. तिला दूरदूरची माणसं जातात. आमची होळी प्रजेची. पण दांडा आमचाही बांबूचाच, आणि पाड्यातल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा उंच लागतो. तसा बांबू एकाच जागी मिळतो, पलीकडच्या नाल्यावरच्या रानात. तो तिथून खांद्यावर आणायचा आणि तोडल्यापासून होळीच्या खड्ड्यात उभा राहीपर्यंत जमिनीला टेकू द्यायचा नाही. टेकला तर तो दांडा नाही, नुसतं लाकूड. आणि ज्याने मानता घेतली असेल, नवस बोलला असेल, त्याची मानता फुकट.

मानता खात्याची होती. त्याची नात गुलाब पाच वर्षांमागे तापाने फणफणली होती. आईबाप उसाच्या तोडणीला गुजरातेत गेलेले. म्हाताऱ्याने तिला झोळीत घालून डोंगर उतरवला, मग मोटारीने चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी सुया टोचल्या आणि इकडे खात्याने देवाला शब्द दिला: पोरगी जगली तर पाच होळ्या मी पाळणीचं व्रत करीन आणि पाचव्या होळीचा दांडा स्वतः आणीन. पोरगी जगली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या औषधाने, खात्या म्हणाला देवाने. गुलाबला विचारलं तर ती म्हणायची, तिथे बिस्कीट मिळालं म्हणून.

त्या एकसष्टच्या सालातली होळी ही पाचवी. ती चुकली तर देव पोरगी परत मागणार, याबद्दल खात्याच्या मनात तिळभर शंका नव्हती. तो गुलाबला चिंच खायला देत नव्हता, झाडावर चढू देत नव्हता, शिंकली तरी उठून उभा राहत होता.

पण मधल्या मे महिन्यात एक गंमत झालेली. महाराष्ट्र झाला, गुजरात झाला. आम्ही झोपून उठलो तर आमचा बांबू परराज्यात. तो जागचा हलला नव्हता, आम्हीही हललो नव्हतो, तरी आमच्यात हद्द आली. नाल्याच्या अलीकडे दगडाला चुना फासला आणि पलीकडे नवी चौकी बसली.

पाड्याचा पुंजारी रेवजी म्हणाला, “साहेबाकडे जाऊन मागू या. देतील एक बांबू.”

“मागू?” खात्या म्हणाला. “माझ्या आज्याने त्या बनातला दांडा आणला, बापाने आणला. माझाच बांबू मी मागू? मग माझी बायकोपण मागून आणतो, साहेबाचा शिक्का मारून.”

“तिला विचारलंस का?” आतून कालीबाई म्हणाली.

म्हणजे गेलेली वस्तू परत आणायची, नेहमीसारखी. अडचण एकच होती. पाळणी करणारा माणूस होळीआधी कमरेला पट्टा बांधतो आणि आमच्या पाड्यात त्या पट्ट्याला घुंगरू नसतात, बैलाच्या गळ्यात असतात तसल्या पितळी घंटा असतात. बांधल्या की होळी पेटेपर्यंत सोडायच्या नाहीत. अंघोळ नाही, खाट नाही, वहाण नाही आणि घंटांना सुट्टी नाही. दोन राज्यांत ज्याच्या पावलाचा आवाज कुणी ऐकला नाही, तो माणूस ओढ्यावर पाणी प्यायला निघाला की कुत्री भुंकायची आणि पोरं म्हणायची, बैलगाडी आली.

चौघे बसले.

“घंटांत चिंध्या कोंबू,” नवलसिंग म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं हे पहिलं वाक्य.

“देवाच्या तोंडात चिंधी कोंबणार?” खात्या म्हणाला.

“डाया, तुम्ही इथेच थांबा. आम्ही तिघे आणतो,” जामसिंग म्हणाला.

“मी आणीन असा शब्द आहे. जामसिंग आणेल असा नाही. देव तुला ओळखतसुद्धा नाही.”

“मग देवालाच सांगू,” चैत्या म्हणाला, “की बाबा, आज जरा हळू वाज.”

 समोरून पाड्यातल्या नानीबाईच्या गाई चरून येत होत्या, गळ्यात घंटा, धुळीत मान खाली. खात्या त्यांच्याकडे बघत राहिला. मग हसला. हे तिघांनी मला वेगवेगळं सांगितलं, पण हसला हे तिघांनीही सांगितलं.

“आवाज लपवायचा कशाला?” तो म्हणाला. “आवाजातच लपायचं.”

नानीबाईने गाई द्यायला कुरकुर केली. “एकीचं शिंग जरी कमी झालं तर मी तुझ्या अंगणात येऊन बसेन. आणि डाया, तू कुठल्या गाईजवळ चालणार?”

“लंगडीच्या.”

“तिला माणसं आवडत नाहीत.”

“मलापण नाही आवडत.”

होळीच्या दिवशी दुपारी गाई नाला ओलांडून पलीकडे गेल्या. मधोमध तिघे वाकून, आणि सगळ्यांत मागे, काळी घोंगडी अंगावर घेऊन, कमरेतून पार वाकलेला खात्या. तो नुसता वाकला नव्हता. लंगडी गाय जशी तीन पावलं टाकून थांबते तसा थांबत होता, मग धक्का देऊन पुढे. घंटा तशाच वाजत होत्या. चौकीच्या ओट्यावर चौकीदार जेवून आडवा झाला होता. त्याने डोळा न उघडता म्हटलं, “हाड, हाड,” आणि कूस बदलली. चैत्याला हसू आवरेना म्हणून त्याने गाईच्या शेपटीत तोंड खुपसलं. त्याच्या आयुष्यात तो एवढा गप्प पहिल्यांदाच बसला, आणि कारण विचारू नका.

बनात पोचल्यावर खात्याने बांबूला हात जोडले, कोंबडीचं अंडं ठेवलं आणि कुऱ्हाड घातली. दांडा पडताना तिघांनी वरच्यावर झेलला. ओला बांबू, साठेक फूट लांब. मधोमध लवायचा आणि शेंडा मागे सापासारखा हलायचा. पुढे जामसिंग, मधे नवलसिंग, शेवटी चैत्या. गाई आजूबाजूला. खात्या मागे, कारण गाय मागे राहिली असं वाटायला हवं.

असला दांडा खांद्यावर असला की पुढच्याला मागे बघता येत नाही. मान वळवली तर दांडा वळतो. त्यामुळे जामसिंगला काय झालं ते दिसलं नाही. त्याला फक्त ऐकू आलं: आधी सगळ्या घंटा एकदम, गाई उधळल्याच्या. मग त्या लांब लांब गेल्या आणि एकच पट्टा मागे वाजत राहिला, जोरजोरात, गाय कधीच वाजवत नाही तसा.

चैत्याला दिसलं. करवंदीच्या जाळीतून वाघ आला होता. कळपात जे जनावर मागे राहतं, लंगडतं, वाकून चालतं, ते वाघ घेतो. त्याने तेच घेतलं. खात्याचं सोंग इतकं पक्कं होतं की ज्याचा सगळा जन्म गाईगुरं ओळखण्यात गेला, तोही फसला. एवढी मोठी पावती त्याला कुणी दिली नव्हती.

आणि मग तो ओरडला. तिघांनी त्याचा चढलेला आवाज कधी ऐकलाच नव्हता.

“दांडा! दांडा टेकवू नका!”

चैत्याचा खांदा खाली गेला.

“खांदा दे!” पुढून जामसिंग किंचाळला. “चैत्या, दांडा झुकतोय!”

“वाघ आहे, वाघ! डायाला धरलाय!”

“तो काय म्हणतोय ऐकलंस ना? गुलाबचा जीव आहे यावर. खांदा दे!”

चैत्याने खांदा दिला. मग तिघे जागच्या जागी उभे राहून ओरडत राहिले. दुसरं काही त्यांच्या हातात नव्हतं, कारण हातात दांडा होता. जामसिंग रेड्यासारखा हंबरला. नवलसिंगने वर्षभराचं बोलणं एका दमात काढलं. चैत्याने वाघाला आईवरून शिवी दिली, मग वाघदेव आठवला म्हणून माफी मागितली, मग पुन्हा शिवी दिली. आम्ही वाघाला दरसाल कोंबडा देतो. त्या दिवशी तो हिशोब कुणी धरला नाही.

वाघ कशाने गेला कोण जाणे. शिव्यांनी असेल, किंवा तोंडात पितळ आलं म्हणून असेल. तो गेला तेव्हा खात्या पालथा पडला होता. मांडीपासून पोटापर्यंत काही धड नव्हतं, आणि तिघे अजून दांडा घेऊन उभेच होते. त्याला उचलायला एकजण जरी हलला असता तरी दांडा टेकला असता. चैत्या रडत होता, जामसिंग “काय झालं, काय झालं” विचारत होता.

“गाढवांनो,” जमिनीवरून आवाज आला. “झाडाच्या बेचक्यांत ठेवा ना.”

समोरच सागाची झाडं होती. तिथे दांडा अडकवायला एवढासा वेळ लागला. हे आधी का सुचलं नाही, यावर तिघे पुढे आयुष्यभर बोलले नाहीत. एकमेकांशी तर नाहीच.

त्यांनी घोंगडीची झोळी केली. आमच्याकडे दुखणाईत माणूस असाच नेतात, बांबूला झोळी बांधून. बांबू तर तयारच होता.

“देवाच्या दांड्याला मला टांगू नका,” खात्या म्हणाला. “दांड्यावर माणूस मेला तर तो तिरडीचा बांबू होतो.”

“मग मरू नका,” चैत्या म्हणाला.

“बघतो,” म्हातारा म्हणाला.

ते निघाले. झोळी हलायची आणि घंटा वाजायच्या. आत माणूस जिवंत असो की मेलेला, घंटा वाजणारच होत्या, त्यामुळे चैत्या सारखं काहीतरी विचारत राहिला. डाया, तुमच्या लग्नात काय जेवण होतं? डाया, जामसिंगला अक्कल येईल का? आतून कधी “उडीद” यायचं, कधी “नाही.”

चुन्याच्या दगडापाशी आमच्या बाजूच्या जंगलखात्याचा भटू नाकेदार भेटला. हा खालचा, तापीकाठच्या गावचा, स्वभावाने वाईट नव्हता. त्याने आधी दांडा बघितला, मग झोळी.

“हाई काय लटकी ऱ्हायनं रे?”

“डाया. वाघाने धरला.”

भटूचा चेहरा पडला. त्याने टोपी काढली, परत घातली. “कोठला वाघ? आपला शे का त्यास्ना?”

“वाघाने सांगितलं नाही.”

“तसं नही रे. नाल्याना तिकडे धरा आसीन तं कागद त्यास्नी कराना. मन्हा हद्दमा वाघ नही, मी लिखी देयेल शे.”

“मग तिकडे जाऊन मरू का?” झोळीतून खात्याने विचारलं.

भटू घाबरून मागे सरला आणि त्याने वाट दिली. बांबूबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

पुढच्या ओहोळावर दांडा पुन्हा बेचक्यांत ठेवून तिघे पाणी प्यायला खाली उतरले. खात्यासाठी पळसाच्या पानात पाणी घेऊन चैत्या वर आला तर झोळी रिकामी. घंटांचा पट्टा दांड्याला गुंडाळून गच्च बांधलेला. म्हातारा झाडापासून बराच लांब, वाळक्या सागाच्या पानांत पडला होता, तोंड पाड्याकडे. जीव गेलेला.

ज्याला धड बसता येत नव्हतं, त्याने पट्टा सोडला, बांधला, झोळीतून उतरला, पानांवरून सरपटत गेला, आणि हाकेच्या अंतरावर पाणी पिणाऱ्या तिघांना त्याचा कणभरही आवाज आला नव्हता. नवलसिंग गुडघ्यावर बसला आणि पानांना हात लावून बघू लागला. एकही मोडलेलं नव्हतं, असं तो म्हणतो. मला हे खरं वाटत नाही. पण नवलसिंग इतकं कमी बोलतो की त्यात खोटं मावत नाही.

नवलसिंग मढ्याजवळ थांबला. उरलेल्या दोघांनी दांडा उचलला. उतरणीवर जामसिंग म्हणाला, “पाड्यात सांगितलं की डाया गेला, तर होळी होणार नाही. सुतक लागेल. दांडा तसाच राहील.”

“म्हणजे?”

“म्हणजे होळी पेटेपर्यंत तो जिवंत आहे.”

जामसिंगने केलेला हा पहिला विचार. बरोबर होता, म्हणून फार वाईट होता.

ते पोचले तेव्हा उन्हं कलली होती. ढोल सुरू झाले. रेवजी पुंजारीने दांड्यावरच्या घंटा बघितल्या. “मानतावाला कुठाय?”

“मागून येतोय,” चैत्या म्हणाला. “नानीबाईच्या लंगडीने त्याच्याशी लग्न लावायचं काढलंय, तिची समजूत घालतोय.”

लोक हसले. चैत्या बोलला की लोक हसायचेच. “आणि दांड्यावर हे लाल काय?” रेवजीने विचारलं.

“पळसाचा रंग. डाया म्हणाला, यंदा दांडापण रंगवू.”

पुन्हा हसले. नानीबाई हसली नाही. तिच्या गाई केव्हाच घरी आल्या होत्या, सगळ्या, लंगडीसकट. ती कालीबाईकडे बघत होती. कालीबाई गुलाबचा हात धरून उभी होती. ती चैत्याच्या जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “तू थांबू नकोस. बोलत राहा.”

चैत्या बोलत राहिला. दांडा उभा राहिला, लाकडं रचली गेली, होळी पेटली. कालीबाईने नातीला घेऊन होळीभोवती फेरे घातले, सगळे, घाई न करता. नारळ वाहिला. गुलाबच्या कपाळाला राख लावली. मग ती आगीकडे पाठ करून खाली बसली आणि तिने हंबरडा फोडला, आणि ढोल एकेक करत थांबले. चैत्याचं शेवटचं वाक्य अजून अर्धवट होतं. त्यात बैलाचा काहीतरी विनोद होता.

पुढच्या साली दांडा ट्रकमधून आला.

रेवजीने साहेबाला जाऊन विचारलं होतं. साहेबाने तिकडच्या साहेबाला विचारलं, आणि तिकडचा म्हणाला, न्या की. लाकूडतोडीच्या कूपाचा रिकामा ट्रक येणारच होता, त्यात टाकून दिला. भटू नाकेदार पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आला, खुशीत. “मांगला साले बी दिधा आस्ता,” तो खाली उतरून म्हणाला. “कोनी मांगाले तं पाहिजे.”

बांबू ट्रकपेक्षा दुप्पट लांब होता. त्याचा शेंडा मागून रस्त्यावर घासत आला होता, नाल्यापासून पाड्यापर्यंत, धुळीतून, शेणातून. पार सोलून निघाला होता. सगळ्यांनी बघितलं. रेवजीनेही बघितलं, मग तो खड्डा नीट खणला आहे का ते बघायला निघून गेला.

शाळेजवळून ट्रकवर पोरं चढली होती. त्यांत गुलाब होती. बांबूवर पाय सोडून बसली होती, चिंच चोखत. वर्षभरात हातभर उंच झालेली. तिला साधी सर्दीसुद्धा झाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

जामसिंग, नवलसिंग आणि चैत्या चिंचेखाली उभे होते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि हाक मारली, “या रे, हात लावा, खाली फेकून देऊ!”

जामसिंग चैत्याकडे बघत राहिला, काहीतरी बोल म्हणून.

चैत्या गप्प होता.